गाडीचा फोटो काढताना आधी मागे वळून बघा

गाडीचा फोटो काढायचा म्हटलं की आपण पार्श्वभूमी शोधायला लागतो. मागे डोंगर हवा, जुनी भिंत हवी, आकाशात रंग हवेत. गाडी तिथे नेऊन उभी करतो, फोटो काढतो, आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं की मन खट्टू होतं. दारावर काळेपांढरे पट्टे, बॉनेटवर फांद्यांची जाळी, मागच्या खिडकीत कॅमेरा धरून उभी असलेली आपलीच आकृती. डोंगर मात्र सुरेख आलेला असतो.

माझे पहिल्या वर्ष-दीड वर्षातले जवळजवळ सगळे फोटो असे आहेत. बिघडत होतं ते एकाच कारणाने. गाडीच्या रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर चढवलेला असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो काचेसारखा गुळगुळीत असतो, आणि ज्याला आपण गाडीची चमक म्हणतो ती खरं तर आजूबाजूच्या जगाची प्रतिबिंबं असतात. गाडी म्हणजे ठिकठिकाणी वाकवलेला, घड्या पाडलेला एक मोठा आरसा. आरशात त्याच्या समोरचं दिसतं. गाडीच्या दारासमोर कोण असतं? फोटो काढणारा, आणि त्याच्या पाठीमागचा सगळा परिसर. म्हणून गाडीच्या मागे काय आहे हे बघण्याआधी स्वतःच्या मागे काय आहे हे बघायची सवय लावून घ्या. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका गोष्टीतूनच निघतात.

पहिली पायरी: कॅमेरा पिशवीतच राहू द्या

गाडी उभी केली की आधी रिकाम्या हाताने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारा. पहिली फेरी उभ्याने, दुसरी वाकून, डोळे हेडलाइटच्या उंचीवर आणून. बघायचा आहे तो पत्रा, आणि पत्र्यावर काय दिसतंय ते. बॉनेट, छत आणि डिक्कीवर आकाश उमटलेलं दिसेल. दारांच्या मधून हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत एक कडा गेलेली असते. साधारणपणे तिच्या वरचा भाग आकाशाकडे वळलेला असतो आणि खालचा जमिनीकडे. त्यामुळे कडेच्या वर उजळ आणि खाली गडद असा फरक पडतो, आणि त्या फरकामुळेच गाडीला आकार येतो.

आता एकाच जागी थांबून एक पाऊल डावीकडे सरका. दारावरचं झाड सरकून मागच्या चाकाकडे गेलेलं दिसेल. आणखी दोन पावलं टाकली तर ते कदाचित गाडीवरून निघूनही जाईल. प्रकाश ज्या कोनात पत्र्यावर येतो त्याच कोनात परत फिरतो, एवढा साधा नियम आहे, पण तो पायांनी शिकावा लागतो. पत्र्यावर खांब, दुसरी गाडी किंवा पांढरी पाटी उमटली असेल तर ती नेमकी कुठे उभी आहे ते मागे वळून शोधा. मग तुम्ही सरका, नाहीतर गाडी थोडी फिरवून लावा. गाडी पाच-दहा अंश फिरवली तरी प्रतिबिंबं पार बदलतात. नवखे लोक गाडी एकदा लावली की तिला हात लावत नाहीत. मी एका जागी चार-पाच वेळा तरी ती पुढेमागे करायला लावतो.

जागा कशी निवडायची

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे मोकळं मैदान किंवा रिकामं मोठं पार्किंग, जिथे फोटो काढणाऱ्याच्या मागे बरंच अंतर काहीच नाही. मग दारांवर उमटते ती फक्त क्षितिजाची एक स्वच्छ रेघ. समोरासमोर दुकानं असलेला अरुंद रस्ता डोळ्यांना छान वाटतो, पण तिथे गाडीवर सगळ्या पाट्या आणि खिडक्या उतरतात. गडद, साधी, लांबलचक भिंत तुमच्या मागे असेल तर तीही कामाची असते. तिच्यामुळे गाडीची बाजू एकसारखी गडद होते आणि वरची कडा लखलखून उठते.

गाडीमागच्या गोष्टींचं म्हणाल तर दोनच पथ्यं. एक, छतातून खांब किंवा झाड उगवल्यासारखं दिसता कामा नये. दोन, गाडी भिंतीला खेटून लावू नका. आठ-दहा मीटर पुढे घेतली तर मागचं चित्र थोडं धूसर होतं आणि गाडी सुटी दिसते. पायाखालची जमीनही बघा. पार्किंगचे पांढरे पट्टे, ऑइलचे डाग, कागदाचे कपटे हे सगळं फोटोत प्रत्यक्षापेक्षा जास्त खुपतं. पाऊस नुकताच थांबला असेल तर ओली फरशी किंवा डांबर ही मात्र पर्वणी असते. फक्त पत्र्यावरचे थेंब एक तर सगळे पुसा, नाहीतर सगळे राहू द्या. अर्धवट पुसलेली गाडी मळकी दिसते.

जागा खासगी असेल तर आधी परवानगी घ्या. वाहत्या रस्त्यावर किंवा त्याच्या कडेला गाडी लावून फोटो काढायचा मोह कितीही झाला तरी टाळा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला मागून येणारं वाहन दिसत नाही.

उजेड

भर दुपारचं ऊन गाडीला सगळ्यात वाईट. छतावर आणि बॉनेटवर सूर्याचा डोळे दिपवणारा ठिपका पडतो, चाकांच्या कमानीखाली काळोख होतो, आणि पत्र्यावरचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. ढगाळ दिवसाला लोक नाकं मुरडतात, पण नवख्यासाठी तो फार चांगला शिक्षक आहे. अख्खं आकाश एक प्रचंड पांढरा दिवा होऊन जातं. स्टुडिओत गाडीच्या डोक्यावर जवळपास गाडीएवढाच मऊ प्रकाशाचा पट्टा टांगतात, तो याच परिणामासाठी. ढगाळ दिवशी आकाश फ्रेममध्ये कमीत कमी घ्यायचं, एवढंच लक्षात ठेवा. ते नुसतं पांढरं येतं.

सगळ्यात सुंदर वेळ मात्र कातरवेळ. सूर्य बुडाल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा काळ. विषुववृत्ताजवळ तो विसेक मिनिटांचा असतो, ध्रुवांकडे जावं तसा लांबत जातो. या वेळी आकाशाचा एक भाग उजळ आणि बाकीचा हळूहळू गडद होत गेलेला असतो. ही चढती-उतरती छटा बॉनेटवर आणि दारांवर जशीच्या तशी उतरते आणि पत्र्याची प्रत्येक वळणदार घडी दिसू लागते. पहाटे फटफटायच्या वेळीही हेच होतं, आणि तेव्हा रस्ते, पार्किंग रिकामे असतात हा वेगळा फायदा.

इथे जवळजवळ प्रत्येक जण जी चूक करतो ती सांगतो. पश्चिमेला रंग फुटले की आपण गाडी त्या रंगांसमोर उभी करतो, म्हणजे सूर्यास्त गाडीच्या मागे. आकाश झकास येतं आणि आपल्याकडची बाजू काळी पडते. आता उलटं करा. पश्चिमेकडे पाठ करून उभे राहा आणि गाडी तुमच्या पूर्वेला घ्या. पाठीमागचं ते केशरी-गुलाबी आकाश आता गाडीच्या अंगावर पसरेल आणि तिच्यामागे निळसर गडद आकाश असेल. दोन्ही फोटो काढून शेजारी-शेजारी ठेवून बघा. मला बहुतेक वेळा दुसरा आवडतो. पहिला हवाच असेल तर त्यात गाडीची फक्त बाह्यरेखा आणि पेटलेले दिवे दाखवा. तपशील दाखवायच्या फंदात पडू नका.

रंगाप्रमाणेही थोडं बदलतं. काळी गाडी सगळ्यात कठीण, कारण तिचा स्वतःचा रंग जवळपास काहीच परत पाठवत नाही. दिसतात ती फक्त प्रतिबिंबं. तिला मोकळी जागा आणि कातरवेळच हवी. पांढऱ्या गाडीच्या कडा फिक्या आकाशात विरघळतात, म्हणून तिच्यामागे गडद काहीतरी ठेवा. मेटॅलिक रंगात धातूचे बारीक कण असतात, ते कलत्या उन्हात चमचमतात. अशा गाडीचे काही फोटो सूर्य मावळायच्या आधी, थेट उन्हातही काढा. मॅट फिनिशची गाडी मात्र दिवसभर समजूतदारपणे वागते.

गाडीची तयारी

धुवा, आणि धुतल्यावर मायक्रोफायबरने कोरडी करा. पाण्याचे सुकलेले डाग काळ्या पत्र्यावर हमखास दिसतात. काचा आतूनही पुसा. टायरच्या बाजूवरची धूळ आणि रिममधली ब्रेकची काळी पूड लोक विसरतात. डॅशबोर्डवरचे कागद, आरशाला टांगलेल्या वस्तू, मागच्या काचेजवळची उशी, सगळं बाहेर काढा. खिडक्या एक तर सगळ्या वर, नाहीतर सगळ्या खाली. एक फडकं जवळ ठेवा; धूळ पुन्हा बसतेच, आणि पाच सेकंदांत पुसून होणारी गोष्ट संगणकावर पुसायला अर्धा तास जातो.

चाकांचं एक गमक आहे. समोरून तिरक्या कोनातून फोटो काढताना पुढची चाकं तुमच्या विरुद्ध बाजूला थोडी वळवा. मग रिमची तबकडी तुमच्याकडे तोंड करते. चाक तुमच्या दिशेने वळलेलं असेल तर टायरची नक्षी दिसते आणि रिम लपतो. थोडंच वळवायचं, पूर्ण वळवलं तर गाडी यू-टर्न घेत असल्यासारखी वाटते. सरळ बाजूने फोटो असेल तर चाकं अगदी सरळ.

किती लांब, किती खाली

नवख्याचे फोटो दोन सवयींवरून लगेच ओळखू येतात. तो फार जवळ उभा असतो आणि ताठ उभा असतो.

आधी अंतर. समजा गाडी साडेचार मीटर लांब आहे आणि आजूबाजूला थोडी मोकळीक धरून फ्रेममध्ये सहा मीटर रुंदी हवी आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ३६ मिमी रुंद असतो) २४ मिमी लेन्स असेल तर तुम्हाला ४ मीटरवर उभं राहावं लागेल, ५० मिमीला सव्वाआठ मीटरच्या आसपास आणि ८५ मिमीला साधारण १४ मीटरवर. आता तिरक्या कोनातून विचार करा. ४ मीटरवरून जवळचा हेडलाइट समजा अडीच मीटरवर आणि मागचा दिवा सहा मीटरवर आहे. म्हणजे गाडीचा मागचा भाग पुढच्याच्या निम्म्याहूनही लहान दिसणार. नाक फुगतं, शेपूट आवळते. १४ मीटरवरून हेच आकडे साडेबारा आणि सोळा होतात आणि मागचा भाग जवळपास चार पंचमांश आकाराचा दिसतो. गाडीचं खरं अंगप्रमाण टिकतं. हा फरक पाडतं ते तुमचं अंतर. लांब पल्ल्याची लेन्स फक्त त्या अंतरावरून फ्रेम भरायची सोय करते. म्हणून मागे सरका आणि मग झूम करा. फुल फ्रेमवर ७० ते १३५ मिमी हा पल्ला मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर साधी ५० मिमीची लेन्सही ७५-८० मिमीसारखा कोन देते, आणि शिकायला तेवढी पुरते. लांब उभं राहण्याचा आणखी एक फायदा असा की पत्र्यावरचं तुमचं प्रतिबिंब लहान होतं. गडद कपडे घातलेत तर ते जवळपास नाहीसंच होतं.

आता उंची. सपाट जागी फोटो काढताना क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं, ही गोष्ट नीट समजून घ्या. कॅमेरा दीड-एक मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांजवळ असेल, तर क्षितिजाची रेघ गाडीवर दीड मीटर उंचीच्या जागी जाते. आणि बहुतेक गाड्यांचं छत नेमकं तिथेच असतं! रेघ छताला चिकटते आणि गाडीची बाह्यरेखा मोडते. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, गुडघा आणि कंबर यांच्या मधोमध आणा. क्षितिज पत्र्याच्या मागे लपतं, छत मोकळ्या आकाशात येतं आणि गाडीला रुबाब येतो. याहून खाली, अगदी जमिनीलगत गेलात तर गाडी अंगावर आल्यासारखी वाटते. स्पोर्ट्स कारला ते शोभतं, छोट्या हॅचबॅकला नेहमीच शोभतं असं नाही. छताचा आणि बॉनेटचा आकार दाखवायचा असेल तर मात्र जिना, पूल किंवा गच्ची गाठून भरपूर वर जा. टाळायची ती फक्त मधली उंची.

कोनांमध्ये समोरून तिरका, मागून तिरका आणि सरळ बाजूचा हे तीन आधी पक्के करा. सरळ बाजूचा फोटो सोपा वाटतो, पण तिथे कॅमेरा दोन्ही चाकांच्या बरोबर मधोमध आणि गाडीला काटकोनात लागतो. जरा चुकलं तर लगेच कळतं. गाडी चालती असो वा उभी, तिच्या नाकासमोर मागच्यापेक्षा जास्त जागा सोडा.

कॅमेऱ्यातले आकडे

उभ्या गाडीसाठी ट्रायपॉड घ्या. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८ (हे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर जे येईल ते. गाडी हलत नाही, त्यामुळे अर्धा सेकंद लागला तरी बिघडत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही, आणि ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. एफ/१.८ ने मागचं सगळं विरघळतं खरं, पण तिरक्या कोनात मागचं चाकही विरघळतं. मोठं अ‍ॅपर्चर बोधचिन्ह, आरसा, शिवण अशा तपशिलांसाठी राखून ठेवा. फोकस जवळच्या हेडलाइटवर करा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली असू द्या.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं जग मध्यम करडं आहे असं समजून मोजतो. त्यामुळे पांढरी गाडी मळकट आणि काळी गाडी राखाडी येते. पांढरीला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ आणि काळीला -०.७ ते -१ देऊन बघा, आणि हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते तपासा. लाल गाडीत एक खाच आहे. साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि तरी लाल चॅनल पूर्ण भरून गेलेला असतो; मग पत्रा प्लॅस्टिकसारखा सपाट येतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम उघडा आणि लाल कापला जात असेल तर एक्सपोजर उतरवा.

दिवे पेटवले की गाडीत जीव येतो. पण हेडलाइटचा पूर्ण झोत लेन्सला आंधळं करतो, म्हणून पार्किंगचे किंवा दिवसा लागणारे छोटे दिवे पुरेत. बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होत असतात. शटर खूप जलद असलं की ते नेमके बंद असताना पकडले जातात आणि फोटोत विझलेले दिसतात. शटर १/६० किंवा त्याहून हळू केलं की हा त्रास सहसा जातो.

पोलरायझर घ्यावा का?

एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर मी सर्क्युलर पोलरायझर सांगेन. लेन्सपुढे लावायचा आणि फिरवत राहायचं. फिरवता फिरवता काचेवरचं आकाश नाहीसं होऊन आतली सीट दिसायला लागते, पत्र्यावरची पांढुरकी साय निघून खालचा रंग गडद, खोल दिसतो. काच किंवा पत्रा साधारण ३० ते ४० अंशांच्या तिरकस कोनातून दिसत असेल तेव्हा परिणाम सगळ्यात जास्त होतो. सरळ समोरून जवळपास काहीच होत नाही. क्रोम आणि उघड्या धातूवरची प्रतिबिंबंही तो काढत नाही. एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणून ट्रायपॉड हवाच.

एका वेळी एकच बाजू साफ होते. पुढच्या काचेसाठी फिरवला की दारांवर चकाकी परत येते. यावर उपाय म्हणजे ट्रायपॉड न हलवता दोन-तीन वेगवेगळ्या स्थितींत फोटो काढायचे आणि नंतर हवे ते भाग एकत्र करायचे. बाजूच्या आणि मागच्या टफन्ड काचांवर कधी कधी ठिपक्यांची किंवा इंद्रधनुषी नक्षी उमटते. ती काच घडवताना तिच्यात राहिलेल्या ताणाची असते; फिल्टर थोडा फिरवला की कमी होते. आणि कृपा करून सगळी प्रतिबिंबं पुसून टाकू नका. मी सुरुवातीला तसं करायचो, आणि गाड्या मातीच्या बनवल्यासारख्या दिसायच्या. बॉनेटवरची आकाशाची छटा राहू द्या, काचेवरची घालवा.

मोबाइल असेल तर

वरचं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू आहे. लेन्स पुसा. ०.५ची, म्हणजे फार रुंद दाखवणारी लेन्स विसरा; ती फ्रेमच्या कडेची चाकं अंडाकृती करते. २ किंवा ३ची लेन्स निवडून मागे जा. पडद्यावर गाडीच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्सपोजर जागच्या जागी राहतील, आणि मग उजेड किंचित खाली ओढा. पोर्ट्रेट मोड बाजूचे आरसे आणि अँटेना अर्धवट खातो, तो नको. रात्री फोन कशावर तरी टेकवून नाइट मोड वापरा.

चालती गाडी

जलद शटरने चालत्या गाडीचा फोटो काढला तर ती उभीच वाटते. कारण हिशोबात आहे. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. टायरचा घेर साधारण २ मीटर धरला तर चाक सेकंदाला पाच फेरे घेतं. १/१००० सेकंदात ते दोन अंशही फिरत नाही, गोठलेलं दिसतं. १/५० सेकंदात ३६ अंश फिरतं, आरे पुसट होतात आणि वेग दिसतो. पण तेवढ्या वेळात गाडीही २० सेंटीमीटर पुढे सरकते. ती स्पष्ट ठेवायची तर कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायला हवा. यालाच पॅनिंग म्हणतात.

पाय खांद्याएवढे फाकून, गाडी जिथे नेमकी समोर येणार त्या दिशेला तोंड करून उभे राहा. कंबरेतून वळून गाडी लांब असतानाच तिला फ्रेममध्ये घ्या. कंटिन्युअस ऑटोफोकस, बर्स्ट (लागोपाठ फोटो) चालू, फोकसचा बिंदू पुढच्या दारावर. ती समोर येताना शटर दाबा, आणि दाबल्यावरही कॅमेरा फिरवत राहा. बहुतेकांचं इथेच चुकतं, बटण दाबल्याबरोबर हात थांबतो. सुरुवात १/१२५ ने करा, जमायला लागलं की १/६०, मग १/३०. लेन्सवर पॅनिंगसाठी वेगळा स्टॅबिलायझेशन मोड असेल तर तो लावा. पन्नास फोटोंत तीन-चार चांगले निघाले तर तो उत्तम दिवस समजा. मागे झाडी, कुंपण असं काही असू द्या. कोऱ्या आकाशासमोर वेगाच्या रेघा उमटत नाहीत.

१८९४ साली जन्मलेले फ्रेंच छायाचित्रकार जाक-आंरी लार्तिग यांनी तरुण वयात शर्यतीच्या गाडीचा काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात चाक पुढे झुकलेलं लंबगोल दिसतं आणि प्रेक्षक मागे कललेले. त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट प्लेटवरून सरकत जायची. चाकाचा खालचा आणि वरचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला गेला, आणि कॅमेरा गाडीपेक्षा हळू फिरत होता. मोबाइलचा सेन्सरही ओळीमागून ओळ वाचतो, म्हणून वेगवान गाडीची चाकं त्यात अजूनही तशीच कलतात.

एका गाडीतून दुसऱ्या चालत्या गाडीचे फोटो नवख्याने काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खिडकीतून किंवा डिक्कीतून बाहेर झुकलेला माणूस एका ब्रेकने रस्त्यावर येतो. बंद ट्रॅक, अनुभवी चालक आणि बांधलेला पट्टा नसेल तर तो फोटो नसलेलाच बरा.

काळोख पडल्यावर

गाडीवर प्रकाशाने चित्र काढता येतं, आणि त्याला फार सामान लागत नाही. ट्रायपॉड, एलईडीची एक लांब नळी किंवा साधी बॅटरी, आणि जिथे बाहेरचा दिवा नाही अशी जागा. आयएसओ १००, एफ/८, शटर २० ते ३० सेकंद. फोकस आधी उजेड पाडून करा आणि मग मॅन्युअलवर टाका. शटर उघडलं की गडद कपड्यांत गाडीच्या कडेने चालत जा, नळी छताच्या वर आडवी धरून, एकाच वेगाने, न थांबता. थांबलात तर तिथे उजेडाचा डाग पडतो. दिव्याचं तोंड लेन्सकडे वळू देऊ नका. एका फोटोत छत, दुसऱ्यात बाजू, तिसऱ्यात चाकं उजळा. नंतर ते संगणकावरच्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये लाइटन मोडमध्ये एकावर एक ठेवले की फक्त उजळ भाग उरतात.

आतला भाग

ढगाळ उजेड, मागच्या सीटच्या मधोमधून, १६ ते २४ मिमी, एफ/८. स्टिअरिंग सरळ, त्यावरचं चिन्ह सरळ, पट्टे जागच्या जागी. नुसती किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर इशाऱ्याचे सगळे दिवे लागतात; मोकळ्या जागी क्षणभर इंजिन सुरू केलं की ते विझतात. खिडकीबाहेरचं दृश्य पांढरं फटक येत असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो काढून एकत्र करा.

संगणकावर

आधी लेन्सचा दोष सुधारा आणि क्षितिज सरळ करा. मग व्हाइट बॅलन्स (उजेडाची पिवळी-निळी झाक काढणं), आणि तो जमिनीवरच्या करड्या डांबरावरून जुळवा. पत्र्यावरून जुळवायला गेलात तर गाडीचा रंगच बदलतो. मालकाला त्याच्या गाडीचा निळा नेमका कोणता आहे ते पाठ असतं. हायलाइट्स थोडे खाली, शॅडोज थोडे वर, इतकंच की टायर आणि चाकाची कमान वेगळी दिसावी. क्लॅरिटी आणि डीहेझ या कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या सोयींचा हात आवरता घ्या; पत्रा खरबरीत दिसायला लागतो. डाग, कपटे, पत्र्यावर उरलेला एखादा खांब क्लोनने (शेजारचा भाग उचलून वर चिकटवणारा ब्रश) काढा, पण पत्र्याची कडा जिथे वळते तिथे ब्रश त्या कडेच्या दिशेनेच चालवा. चारही बाजू किंचित गडद केल्या की नजर गाडीवर राहते. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो सगळ्यांसमोर टाकणार असाल तर नंबरप्लेटबद्दल आधी विचारा आणि हवं तर ती कोरी करा.

पहिल्याच आठवड्यात करायचा सराव

मोकळ्या जागी गाडी लावा, पश्चिमेकडे पाठ करा, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर ट्रायपॉडवर पक्का करा आणि नंतर काहीही हलवू नका. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर चाळीस मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी एक फोटो. एकूण पंधरा होतील. ते संगणकावर एका ओळीत लावा आणि बॉनेटवरची छटा कोणत्या फोटोत सगळ्यात मऊ आहे, दारावरची कडा कोणत्यात सगळ्यात स्पष्ट आहे ते बघा. तो फोटो सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी काढलाय ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी धुऊन, पुसून, चाकं वळवून त्या मिनिटाच्या अर्धा तास आधी जागेवर पोहोचा.